होर्मुझवरून अबोला

आमच्या जऊळक्यात जगाचा कारभार दुपारी चार वाजता सुरू होतो. जागा म्हणजे कस्तुरचंदकाकाजींचं किराणा दुकान. साखरेच्या पोत्यांवर एक फळी, फळीवर टीव्ही आणि टीव्हीसमोर दोन खुर्च्या. एकीवर काकाजी स्वतः, दुसरीवर माझे सासरे रामराव. तिसरी खुर्ची ठेवलेली नाही, कारण तिसऱ्याचं मत कोणालाच नको असतं. प्रेमसिंगसारखे ऐकणारे पायरीवर बसतात.

मी मंजुषा, रामरावांची सून. शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे घरात जगाचा नकाशा आहे, पण तो मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खाटेखाली असतो आणि मला मागून घ्यावा लागतो. कोणत्या देशाने कोणाचं कर्ज माफ करावं, समुद्रात बुडत चाललेल्या बेटांवरच्या लोकांना कुठे वसवावं, सगळं त्यांचं ठरलेलं आहे. मागच्या हवामान परिषदेला आमच्या गावातून कोणी गेलं नव्हतं, तरी ठराव इथे दोन दिवस आधीच मंजूर झाला होता. काकाजींचं मत नेहमी उलटं. दोघे पहिलीपासून एका वर्गातले, आणि हे तेव्हापासूनच चालू असावं.

यंदा श्रावणात मात्र बिघडलं. बिघडायची ही वेळच नव्हती. दिवाळी झाली की काकाजी आणि जतनकाकू दुकान बंद करून पुण्याला मुलाकडे, सन्मतीकडे, कायमचे जाणार होते. गावात सगळ्यांना हे माहीत होतं. म्हणजे या दोन म्हाताऱ्यांच्या हातात जेमतेम दोन-तीन महिने उरले होते, आणि तेही त्यांनी होर्मुझच्या सामुद्रधुनीत बुडवले!

झालं असं की टीव्हीवर होर्मुझकडच्या लढाईच्या बातम्या चालू होत्या. मामाजी रंगात आले होते.

"होऊनच जाऊ दे एकदाचं," ते म्हणाले. "रोजची कटकट मिटते."

"लेकरंबाळं हायेत रे तिकडं, रामा," काकाजी म्हणाले. "दोघायनंही थांबावं."

"तराजू धरनाऱ्याले लढाईतलं काय समजते बे? तू आपला गूळ मोज."

पायरीवरचे सगळे खो खो हसले. काकाजींनी टीव्ही बंद केला, मामाजी उठेपर्यंत वाट पाहिली, त्यांची खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मामाजींनी घरी येऊन निर्बंध जाहीर केले. यापुढे किराणा वाशीमहून येणार. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई प्रयागबाई, मान डोलावून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या भिंतीवरून जतनकाकूंकडून जिरं घेतलं, तिसऱ्या दिवशी हिंग, आणि आठवड्याच्या शेवटी तेलाचा आख्खा डबा. निर्बंध आले की तस्करी वाढते, हे मी भूगोलाच्या पुस्तकात नाही, आमच्या स्वयंपाकघरात शिकले. मामाजी मात्र जेवताना म्हणायचे, "पाय, वाशीमचं जिरं किती वासाचं हाय."

माझी भूमिका संयुक्त राष्ट्रांची. दोन्ही बाजू माझं शांतपणे ऐकून घेत, मी तीव्र चिंता व्यक्त करी आणि भाकरी थापायला निघून जाई.

पोळ्याला वाटलं, आता मिटेल. दरवर्षी आमची बैलजोडी मिरवून आली की पहिली काकाजींच्या दारात उभी राहते. यंदा मामाजी कासरा ओढून पुढे निघाले, तर बैल हलेनात. त्यांना कोणी होर्मुझचं सांगितलं नव्हतं. जतनकाकूंनी बाहेर येऊन ओवाळलं, पुरणपोळी चारली. काकाजी दाराआड उभे होते, त्यांचं धोतर दिसत होतं. मामाजी आकाशाकडे बघत होते. मला इतका राग आला की त्या दोघांनाच दाव्याने एका खुंट्याला बांधावं असं वाटलं.

मग भाद्रपदात क्षमावाणीचा दिवस आला. पर्युषणाचे उपवास संपले की जैन मंडळी, वर्षभरात ज्यांचं मन दुखावलं असेल, त्यांची हात जोडून क्षमा मागतात. काकाजी दरवर्षी सगळी गल्ली फिरतात आणि सुरुवात आमच्या घरापासून करतात. मामाजी सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले.

"येऊ दे त्याले," ते म्हणाले. "मी लगेच हो म्हननार नाई. दोन अटी ठेवीन."

दुपार झाली. काकाजी आले नाहीत. मामाजींनी जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायला सुरुवात केली, "तुह्याकडं आला का कस्तुर?" प्रेमसिंग म्हणाला, "यंदा कोनाकडंच नाई आले ते." मामाजींचा चेहरा उतरला. अटींचं काय करायचं ते त्यांना कळेना.

आता माझा संयम संपला. "मामाजी, बोललं कोन? तुमी. दुखलं कोनाले? त्यायले. अन् क्षमा मागाले त्यायनंच यावं? तुमी तर मोठ्या देशायच्याही वर निघाले!"

सासऱ्याशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. आत्याबाई चुलीजवळून म्हणाल्या, "बरोबर बोलली." मामाजी उठले. काडीपेटी आणायची आहे, म्हणाले. घरात काडीपेट्यांचा पुडका पडलेला होता, तरी मीही त्यांच्यामागे निघाले.

दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. जतनकाकू धावतच बाहेर आल्या.

"बरं झालं आले तुमी भाऊजी! सकाळपासून अन्नाले हात नाई लावला ह्यायनं. रामाची क्षमा मागितल्याबिगर जेवत नाई म्हनतात, अन् मागाले पाय उचलत नाई. आता दिवस बुडून राह्यला!"

दिवस बुडल्यावर काकाजी जेवत नाहीत, कधीच नाही. म्हणजे आता राहिलं तर उद्यापर्यंत. ते आत पोत्याला टेकून बसले होते. बारीक झालेले दिसले.

"आलो असतो रे," ते म्हणाले. "हात जोडाले काय लागते? पन पोटात राग हाय अजून. खोटं कसं बोलू आजच्या दिवशी? साऱ्यायसमोर बोलला तू मले."

मामाजींनी घसा साफ केला. "हे पाय कस्तुर, दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अन् अमेरिका..."

"मामाजी," मी म्हणाले, "दिवस बुडून राह्यला!"

ते थांबले. दाराबाहेर प्रेमसिंग रेंगाळत होता. मामाजींनी त्याला हाक मारून आत घेतलं.

"साऱ्यायसमोर बोललो ना, मंग आता साऱ्यायसमोर सांगतो. चुकलो मी, कस्तुर."

प्रेमसिंगला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलंच. काकाजींनी हात जोडले. जतनकाकूंनी तेवढ्यात ताट आणून समोर ठेवलंसुद्धा.

काकाजी भराभर खिचडी खात होते आणि मामाजी समोर बसून बघत होते. मला वाटलं, आता होर्मुझ निघणार. पण नाही निघालं.

"कोनत्या मजल्यावर हाय रे सन्मतीचं घर?" मामाजींनी विचारलं.

"सांगितलं होतं त्यानं. ध्यानात नाई राह्यलं."

"खाली बसाले जागा हाय का कुठी? कोनी बोलाचालाले?"

"माहीत नाई."

"अन् तुले जायचं हाय का?"

काकाजींचा घास हातातच राहिला. "हे मले कोनी इचारलंच नाई, रामा," ते म्हणाले. "त्यायचं मन चांगलं हाय. खोली ठरवली, रंग देल्ला. पन इचारलं नाई कोनी."

"मी इचारून राह्यलो ना. जायचं हाय का?"

"नाई."

"मलेही नाई," जतनकाकू आतून म्हणाल्या.

मामाजींनी माझ्याकडे हात केला. "सन्मतीले फोन लाव, मंजुषा."

मी लावला, पण मनात धास्तीच होती. आता हे फोनवरून त्या पोराला तासभर जगाचा इतिहास ऐकवणार. सन्मतीने फोन उचलला. "सन्मती, रामाकाका बोलतो," मामाजी म्हणाले. "तुह्या बापाले काही सांगायचं हाय, ऐकून घे." एवढंच म्हणून त्यांनी फोन काकाजींच्या हातात दिला.

काकाजींना पहिला शब्द सापडेना. मामाजींना तो माहीत होता, ओठांवर आलेला मला दिसत होता. पण तो त्यांनी काकाजींसाठीच ठेवला.