बर्फाखालचं दीपगृह

मी एक जुनी बर्फगाडी आहे आणि आइस हॉकीचा इतिहास माझ्या पाठीवर घडला आहे. पाठीवर म्हणजे अगदी पाठीवर नाही, मित्रांनो. इतिहास घडत असे तेव्हा मी मागच्या शेडमध्ये दार लावून उभी असे. खेळ थांबला की मला बाहेर काढत आणि नुकताच घडलेला इतिहास मी खरवडून, धुऊन, पुसून टाकत असे. तेच माझं काम.

माझ्या पोटाखाली एक लांब पातं आहे. ते ओरखडे पडलेला बर्फ कांद्याच्या पापुद्र्यासारखा सोलून काढतं. मागच्या बाजूने मी गरम पाण्याचा पातळ हात फिरवत जाते. हो, गरम पाण्याचा. गरम पाण्यात हवा कमी असते, म्हणून त्याचा बर्फ घट्ट होतो आणि काचेसारखा नितळ दिसतो. गार पाण्याचा बर्फ दुधट आणि पोचट होतो. हे ज्ञान जगात फार थोड्यांना आहे आणि त्यांना कोणी जेवायला बोलावत नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका उन्हाच्या गावात झाला. तिथे बर्फ फक्त सरबतात असतो. जन्मल्यावर लगेच मला उत्तरेला एका थोर कॉलेजात पाठवलं. तिथे छताला जुन्या विजयांचे झेंडे लटकत आणि ते कॉलेज मानाच्या लाइटहाऊस कॉन्फरन्समध्ये होतं. म्हणजे आपापसात खेळणाऱ्या आणि इतरांकडे खिडकीतून बघणाऱ्या जुन्या कॉलेजांच्या गटात. बावीस वर्षं लोकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मग विजेवर चालणारी, आवाज न करणारी एक नवी गाडी आली आणि मला इमारतीमागे नेऊन ठेवलं. तीन हिवाळे माझ्या टाकीत बर्फ पडला आणि तीन उन्हाळे चिमण्यांनी घरटी केली. त्या काळात मी एकच स्वप्न पुष्कळदा पाहिलं. त्यात मी चंद्रावर गोल गोल फिरत होते आणि चंद्र हळूहळू गुळगुळीत होत होता.

तिथून मला टॅमारॅक बेच्या छोट्या कॉलेजने आणलं. टॅमारॅक बे सुपीरियर सरोवराच्या काठावर आहे. तिथे मुलींचा हॉकी संघ नुकताच सुरू झाला होता. रेनो नीमी हा साठीचा, अबोल माणूस माझा चालक झाला. त्याने माझं नाव हिल्मा ठेवलं. हिल्मा त्याची आत्या. तीही चालताना धापा टाकायची, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

सहा वर्षांत त्या मुलींनी पुष्कळ केलं, पण कुठल्याच गटात नसलेल्या संघाला सामने मागून मिळवावे लागतात. सात सात तास बसने जायचं, त्यांना हरवायचं आणि पुढच्या वर्षी त्या हरलेल्यांनी बोलवायचं बंद करायचं. शेवटी कॉलेजच्या अध्यक्षांनी प्रशिक्षक डार्सी लुंडीनला स्पष्ट सांगितलं, की या वर्षी लाइटहाऊस कॉन्फरन्सने घेतलं तर ठीक, नाहीतर मार्चमध्ये संघ बंद. तेवीस मुली होत्या. डार्सीने अठ्ठावीस पानी अर्ज धाडला.

आता चूक सांगते. ती आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. मैदानावरच्या रेघा आणि चिन्हं बर्फावर नसतात, बर्फाखाली असतात. सप्टेंबरात आधी पातळ थर, मग रंग, मग त्यावर थरावर थर. एकदा गोठलं की मेपर्यंत रंगाला हात लागत नाही. रेनोने त्या सप्टेंबरात मैदानाच्या मधोमध लाइटहाऊस कॉन्फरन्सचं चिन्ह रंगवलं, हिरवं दीपगृह. डार्सीला ते दिसलं तेव्हा वर बोटभर बर्फ चढला होता.

"रेनो, हे काय आहे?"

"दीपगृह."

"ते मला दिसतंय. अजून त्यांनी घेतलेलं नाही आपल्याला."

"निकाल फेब्रुवारीत आहे ना, कोच? फेब्रुवारीत मी रंग कुठे देऊ?"

"अहो, पण नाही म्हणाले तर?"

"तू काय नाही ऐकण्यासाठी अर्ज केलास?"

सगळं वितळवून पुन्हा गोठवायचं तर आठवडा जाणार आणि पहिला सामना शुक्रवारी होता. दीपगृह राहिलं. पाहुण्या संघांच्या मुली त्यावरून जाताना विचारत, "काय गं, लग्न ठरायच्या आधीच सासरचं नाव लावलंत?" आमच्या मुली उत्तर गोलने देत. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.

मला मात्र ते दीपगृह आवडायचं. दुपारी उंच खिडक्यांतून तिरपं ऊन आत यायचं, माझ्या मागे वाफेचा पडदा उठायचा आणि मी एकटीच त्याच्याभोवती लंबगोल फेऱ्या घालायचे. खाली पाण्यात बुडालेला एक हिरवा दिवा आणि वर मी, जहाजासारखी. आपण कुठे पोचतो आहोत असं वाटायचं. फेरी संपली की पुन्हा शेडच.

जानेवारीत कॉन्फरन्सच्या समितीचं पत्र आलं. पाहणीसाठी तिघे जण येणार होते, प्रमुख मिसेस प्रेस्कॉट. पाहणीच्या दिवशी दुपारी डार्सी शेडमध्ये आली आणि माझ्या चाकाला टेकून उभी राहिली.

"रेनो, आजच्या दिवस गार पाणी भरा."

रेनो पातं पुसत होता. पुसतच राहिला.

"तीन-चार फेऱ्या मारल्यात तर बर्फ दुधट होईल. दीपगृह दिसणार नाही. आपण उद्धट दिसू, हो."

"पोचट बर्फावर पोरी पडतील."

"एक सामना पडतील. संघ तरी उरेल."

ती गेली. रेनोने नळी माझ्या टाकीत सोडली. मित्रांनो, बाहेरच्यांना काही दिसत नव्हतं, पण पाणी आत आलं आणि मला कळलं. ते गरम होतं.

संध्याकाळी मैदान खचाखच भरलं. गावच्या बायकांनी दारात मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पास्ट्या मांडल्या होत्या आणि समितीच्या हातात त्या कोंबल्याही. डार्सी कठड्याशी उभी राहून आपली बाजू मांडत होती, "बाई, सहा वर्षांत आमची एकही मुलगी शिक्षण अर्धवट सोडून गेलेली नाही. तुमच्या गटातल्या दोन संघांना आम्ही त्यांच्याच मैदानावर हरवलंय. आणि हे लोक बघा, बाहेर उणे वीस आहे." तेवढ्यात मी बाहेर आले. माझ्यामागे पांढरी वाफ उठली. गार पाण्याला वाफ येत नाही. डार्सी वाक्याच्या मधेच थांबली.

मी पहिली फेरी घेतली, दुसरी घेतली. पाणी गोठत गेलं तसतसं दीपगृह वर येत गेलं, इतकं स्वच्छ, की कालच रंगवलं आहे असं वाटावं. मिसेस प्रेस्कॉट पास्टी हातात धरून वाकल्या. मी शेडच्या दाराशी पोचले तेव्हा त्या तिथे उभ्या होत्या.

"आमचं चिन्ह इथे कोणी काढलं?"

"मी," रेनो सीटवरूनच म्हणाला. "सप्टेंबरात. नंतर काढता येत नाही, बाई."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"मग मेमध्ये वितळेल. तुमच्याकडचंही तेव्हाच वितळतं. मी ऐकलंय."

बाईंनी पास्टीचा घास घेतला आणि जागेवर जाऊन बसल्या. आमच्या मुली त्या बर्फावर अशा धावल्या, की मी दाराच्या फटीतून नुसती बघत राहिले. शेवटच्या मिनिटाला त्या ३-२ने हरल्या.

त्यानंतरचा महिना गाव पत्राची वाट बघत होतं. रेनो रोज मला तेल घालायचा, पात्याची धार बघायचा आणि गरम पाणी भरायचा. मी थोर कॉलेजात बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून खात्रीने सांगते, तिथला बर्फ याहून बरा नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटी पत्र आलं. संघाला घेतलं होतं. मुली इतक्या ओरडल्या, की माझ्या हेडलाइटची काच थरथरली. अध्यक्ष म्हणाले, हे दूरदृष्टीचं फळ आहे. गावच्या बायका म्हणाल्या, पास्टीचं. डार्सीने रेनोला मिठी मारली. तो लाकडासारखा उभा राहिला.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच. तुमच्याकडे एखादी धापा टाकणारी जुनी गाडी असेल तर तिला चिमण्यांच्या स्वाधीन करू नका. तिच्या पात्याला धार लावा, तिला वेळेवर तेल द्या आणि पाणी गरमच घाला, विशेषतः कोणी गार घाल म्हणेल तेव्हा.

पत्राचा दुसरा परिच्छेद डार्सीने फक्त रेनोला वाचून दाखवला, शेडमध्ये, माझ्यासमोर. गटात सात संघ असल्यामुळे दर आठवड्याला एक संघ रिकामा बसत होता आणि वेळापत्रक जुळत नव्हतं. आठवा संघ हवा होता. अर्ज एकच आला होता.