हेलिकॉप्टरचा आकडा

केंदूरच्या त्या घरात हेलिकॉप्टर एकच होतं आणि ते शितलचं होतं. कॉम्प्युटरमधलं असलं म्हणून काय झालं! तिचा नवरा विक्रम बोनसच्या पैशातून जॉयस्टिक घेऊन आला होता, तो स्वतःसाठी. पण लढाईच्या त्या गेममध्ये त्याचा रणगाडा दर वेळी ओढ्यात जायचा. मग दुपारी शेवंतीची तोडणी उरकून शितलच जॉयस्टिकचा दांडा धरून बसायला लागली आणि महिनाभरात तिनं प्रत्येक वाहनाचा आकडा शोधून काढला. दांडा एवढा हलवला तर वाहन केवढं हलणार, ते त्या आकड्यावर ठरतं. रणगाड्याची तोफ जड, तिला ऐंशी. जीपला पन्नास. हेलिकॉप्टर नाजूक, त्याला पस्तीसच. गेममध्ये शितलची ऑनलाइन टीमही जमली, तळेगावची रुपाली तिची कॅप्टन. ती सगळ्यांना सांगायची, "आकडं इचारायचं तर शितलला."

मग धाकटी जाऊ आली, राहू गावची सारिका. माहेरी ट्रॅक्टर चालवायची, त्यामुळे हातात अंदाज होताच. शितलनंच तिला हौसेनं शिकवलं. तीन आठवड्यांत ही बया अशी उडवायला लागली की रुपाली म्हणाली, "रविवारच्या मॅचला तुमच्या घरनं सारिका बसू दे."

"बसू दे की," शितल म्हणाली आणि आत जाऊन भाकऱ्या अशा थापल्या की परातीनं सुद्धा दया मागावी. जळत होती, सरळ सांगायचं तर. सारिका कामचुकार असती, तोंडाळ असती, तर नावं ठेवायला जागा तरी मिळाली असती. पण ती उठता-बसता "ताई, ताई" करायची. तेच जास्त झोंबायचं.

शनिवारी सारिका कपडे वाळत घालत होती, तेव्हा शितलनं हेलिकॉप्टरचे पस्तीस काढून ऐंशी टाकले.

दुपारी सरावाला बसल्यावर दांड्याला नुसतं बोट लागलं तरी हेलिकॉप्टर कलंडायला लागलं. सारिका गोंधळली. "ताई, आकडा वाढलाय का ओ?"

"म्याच वाढवला. आता हात बसलाय तुझा. मॅचला पट्टीची माणसं असत्यात."

"व्हय, तुम्ही केलाय म्हंजी बरोबरच असंल," सारिका म्हणाली आणि चहा होईस्तोवर ती हेलिकॉप्टर पाडत राहिली, पुन्हा उचलत राहिली.

रविवारी पहिल्या फेरीत ते डोंगरावर आपटलं. टीम हरली. स्पीकरवर रुपाली वैतागली, "दुसऱ्या फेरीला शितल बसंल." सारिका लगेच उठली. तिचे डोळे भरले होते. "आकड्याचा दोष न्हाई, माझाच हात कच्चा हाय," ती रुपालीला म्हणाली.

शितल खुर्चीत बसली. हीच खुर्ची तिला हवी होती. तिचा हात पहिल्यांदा सेटिंगकडेच गेला, एवढ्यात सारिकानं स्टूल ओढून तिच्या शेजारी मांडलं.

"ताई, ऐंशीवरच उडवा हां. मला तुमचा हात बघायचाय."

आता आली का पंचाईत! ऐंशीवर उडवलं तर सगळ्यांसमोर पडणार, आणि बदललं तर ही शेजारी बसून बघणार. पण शितलला खरं लागलं ते वेगळंच. एवढं होऊनही या पोरीच्या मनात शंकेचा कण नव्हता. तिला स्वतःची शरम वाटली.

तिनं सेटिंग उघडलं आणि पस्तीस टाकले. "ऐंशी रणगाड्याचं असतं," ती म्हणाली. "काल म्या मुद्दाम टाकलं. तू पडावंस म्हणून."

सारिका स्टुलावरनं उठली. "ताई, मी कालपासनं सवताला शिव्या घालत हुते," ती एवढंच बोलली.

"बस," शितल उठून म्हणाली.

सारिका बसली. तिनं हेलिकॉप्टर डोंगराच्या कडेनं इतकं अलगद नेलं, की तसं शितलला कधीच जमलं नव्हतं. शितलच्या पोटात पुन्हा तसंच जळलं. या वेळी ती दोन्ही हात मांडीखाली दाबून स्टुलावर बसून राहिली.