तक्त्यातले घड्याळ

चौकटरावांनी खुर्चीच्या पायावर बोट टेकवले आणि संतापून उचलले. सांध्यात चिकटवायला लावलेला सरस केव्हाच वाळला होता. तरी साठच्या साठ खुर्च्या भिंतीशी ढिम्म उभ्या. अडीच वाजले होते. तीनला ट्रक सुटणार. काल आणि परवा तो रिकामा गेला होता. आजही गेला, तर तक्ता उतरेल आणि तक्तेवालाही, असे मालकांनी सांगून ठेवले होते.

कामाचा क्रम दाखवणारा तो तक्ता पुरुषभर उंच होता. कापा, तासा, चिकटवा, भरा: नुसत्या चौकटी आणि बाण. त्यावरूनच कारखान्याने तो काढणाऱ्याला 'चौकटराव' हे नाव बहाल केले होते.

"मावशी, आळसाला काही सीमा? माल का हलत नाही?"

सरस लावणाऱ्या मावशींनी कुंचला खाली ठेवला. "चार वाजायचेत अजून."

"चार? कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की." मावशींनी तक्त्याकडे हनुवटी उडवली. 'चिकटवा'च्या पुढे वर्तुळात इवलेसे घड्याळ होते. छोटा काटा चारवर, मोठा बारावर.

चौकटरावांनी कपाळावर हात मारला. "अहो, ते चिन्ह आहे! वाळेपर्यंत थांबा, एवढंच. जगभर असंच काढतात."

"जगभर चारच वाजलेत होय?" रंधा मारणारा पलीकडून म्हणाला.

दातओठ खात त्यांनी ब्लेडने दोन्ही काटे खरवडून टाकले. "आता?"

मावशींनी डोळे बारीक केले. "आता बंद पडलंय."

"मग माझ्या तक्त्याआधी काय करत होता तुम्ही?"

"बोट लावायचो. चिकटलं तर थांबायचं, नाही तर पुढे."

"मग आज का नाही लावलं?"

"तक्त्यात बोट नाही. तक्त्याबाहेरचं काही करणार नाही, म्हणून सह्या घेतल्यात ना तुम्ही सगळ्यांच्या?"

चौकटरावांनी स्वतःच्याच बोटाकडे पाहिले. मग खिशातले जाड पेन काढून त्यांनी मावशींपुढे धरले.

मावशींनी रिकाम्या वर्तुळात बोट काढले. ते गाजरासारखे दिसत होते, पण कोणी काही विचारले नाही. साठ हात भराभर खुर्च्यांकडे वळले. शेवटची खुर्ची चढली, तेव्हा ट्रकवाला हॉर्न वाजवून वैतागला होता.

मावशींखेरीज सगळे चहाला गेल्यावर चौकटरावांनी तक्त्याच्या कोपऱ्यातले आपले नाव सावकाश खरवडले.

"मावशी, इथे तुमची सही."

मावशी तक्त्याजवळ आल्या. आपण काढलेल्या बोटावर त्यांनी हलकेच बोट टेकवले.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "ओलं आहे अजून."