शिफ्टची झोप

सिद्धेश रडत होता आणि आवाज येत नव्हता.

शाळेतल्या समुपदेशक बाईंसमोर नऊ वर्षांचं पोर तोंड वासून रडत होतं. छाती भात्यासारखी हलत होती; घशातून हूं की चूं नाही. शेजारी त्याचे आजोबा, हिंदुराव, बसले होते.

"घरीही असाच रडतो?" बाईंनी विचारलं.

"घरी रडतच न्हाई की ओ," हिंदुराव म्हणाले, आणि स्वतःचंच वाक्य त्यांना खटकलं.

सिद्धेश डबा तसाच परत नेतो म्हणून शाळेने बोलावलं होतं. शिवाय 'मी नसलो तरी चालेल' असं त्याने बाकावरच्या मुलाला अगदी सहज सांगितलं होतं.

बाईंनी लहानपणाचं विचारलं. हिंदुरावांनी अडखळत सांगितलं. थेरगावात दोन खोल्या. मुलगा शेखर चाकणच्या कंपनीत कायम रात्रपाळीला, दिवसा झोपणार. सून दुकानात. तान्हं पोर तासन्‌तास रडायचं, झोपेचं नाव नाही. झोपमोड झालेला माणूस मशिनवर बोटं गमावतो, हे कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर जन्म काढलेल्या हिंदुरावांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी पोरासमोर मोबाइल धरला, तोही आवाज बंद करून. पोर गप्प झालं. पुढे रडण्याआधीच हात पसरू लागलं. शेजारीपाजारी म्हणायचे, काय गुणी नातू आहे राव तुमचा.

"म्हंजी मीच केलं का हे?"

असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, बाई म्हणाल्या. काही बाळं मुळात जास्त रडतात, त्यांना झोप लागत नाही. त्यांतल्या काहींना पुढेही जड जातं. पण त्याला एकटं सोडू नका, आणि आईवडिलांशी आजच बोलायला हवं.

घरी पडदे ओढलेले होते. शेखर डोक्यावरून चादर घेऊन झोपला होता. सिद्धेशने चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत कोपरा गाठला. हिंदुराव दारातच थांबले. शेखरला झोपेतून उठवायचं नाही, हा घराचा नेम. त्याची आई कस्तुरा वारली, तेव्हासुद्धा त्यांनी त्याला तो जागा झाल्यावरच सांगितलं होतं.

त्यांनी पडदा सारला.

"शेखर, ऊठ."

"काय अण्णा. नाईट हाय ना आज."

"न्हाई जायचं आज. पोरगं रडतंय."

शेखर धडपडून उठून बसला. कान देऊन ऐकू लागला.

"कुठं रडतंय? मला तर काय ऐकू येत न्हाई."

हिंदुराव त्याच्या आणि सिद्धेशच्या मधून बाजूला झाले. कोपऱ्यात पोर तोंड वासून रडत होतं.