पाखराची लोंबी

"पैली लोंबी पाखराची, मंग भरो ढोली घराची." ढोलीत, म्हणजे कणगीत, धान ओतण्याआधीचा सासूचा तो लांबवलेला सूर धुरपताच्या कानात अजून होता. सासू गेली. पुढे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, धानाची बांधी गेली. तेव्हापासून पुनर्वसनातल्या या घराच्या चौकटीवर पाखरांसाठी लोंब्यांचं तोरण चढलं नव्हतं. तोरण गुंफावं ते घरच्या पुरुषानं, आणि आपल्याच धानाचं, अशी रीत. तिचा नवरा तुलाराम म्हणायचा, "धान इकतचा, घर सरकारचं. तोरण कायले?" चौकटीत एक खिळा त्यानं ठोकू दिला नाही. पाहुण्यांनाही "वसाहतीत राहून रायलो" एवढंच सांगे. 'आपलं घर' हे त्याच्या तोंडून ऐकायला धुरपता आसुसली होती.

यंदा तिनं बोरिंगच्या सांडपाण्यावर, कुणाला न विचारता, वाफाभर धान लावला. धान निसवला आणि त्याच सुमाराला विजेच्या मीटरमागे चिमण्यांनी घरटं मांडलं. तुलारामची खाट अंगणातच. चहा हातात गार व्हायचा, नजर मीटरवर.

"अवो, मादी पिलाईले दाणा नाई देत," तो एकदा म्हणाला. "वालाच्या वेलावरच्या अळ्याच नेऊन रायली."

"पचाले पायजे ना. लेकराले भात देतेत का पयल्याच दिवशी?"

"अन् नर?"

"बसला तारेवर. तुमच्यासारखा."

तुलाराम मिशीत हसला.

लोंब्या पिवळ्या झाल्या तशा चिमण्या त्यांवर झोके घेऊ लागल्या. धुरपता हाकलेना.

"साराच खाऊन टाकतीन ना," तुलाराम म्हणाला.

"खाऊ द्या. त्याइनं घर बांधलं इथं. कोणाची जागा म्हणून इचारलं का तुमाले?"

दुपारी तिला डोळा लागला. उठून पाहते तर खाट रिकामी. तुलाराम ओसरीत बसून उरलेल्या लोंब्या गुंफत होता. मोडलेली सवय. चुके, उसवी, पुन्हा ओवी. मग त्यानं खिळा ठोकला, मीटरपासून दूरच्या टोकाला, हळूहळू, पिलं दचकू नयेत म्हणून.

तोरण चढलं. आधी नर आला, मागून मादी. रस्त्यानं जाणारी शेजारची ललिताबाई थबकली.

"भाऊजी, कोणाच्या वावरातला धान जी?"

तुलारामनं धुरपताकडे पाहिलं.

"वावरातला नाई, वयनी," तो म्हणाला. "आपल्या घरचा आहे."