टोकं नसलेली दोरी

लेकीला चार दिवस शी झाली नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीच्या डब्यावर मी ‘पॉलिइथिलीन ग्लायकॉल’ वाचलं आणि चमचा हातातच राहिला. हेच नाव नवऱ्याच्या लॅपटॉपवर रोज दिसतं. पेशीतलं नको असलेलं प्रथिन मोडीत काढणारे रेणू बनवणं हे त्याचं काम.

तो घरूनच मीटिंगमध्ये होता. मी डबा त्याच्या नाकासमोर धरला. “प्रथिनं मोडणारं औषध पोरीला द्यायचं?”

“अगं, ही नुसती दोरी आहे. आमच्या रेणूत तिचं एक टोक वाईट प्रथिनाला धरतं, दुसरं पेशीतल्या कचरेवाल्याला. मोडतोड तो करतो. डब्यातल्या दोरीला तसली टोकंच नाहीत. ती पोटात पाणी धरून ठेवते, बस.”

“आणि तुझी चूक झाली तर?”

“दे गं बिनधास्त,” लॅपटॉपमधून त्याच्या मॅडम बोलल्या. “माझ्या नातवाचा सगळा कारभार त्यावरच चालतो.”

माईक चालू होता. मी पावडर पाण्यात ढवळली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग सुरू झाली तेव्हा रेणू राहिला बाजूला. मॅडमनी आधी विचारलं, “झाली का?”

मी दारातूनच सांगितलं, “दोनदा.”