औषधसाठ्यातली ओळ

दुपारी चार वाजता औषधसाठ्याचं बिल्ड पुन्हा अडून राहिलं. पडद्यावर एवढंच दिसत होतं: ‘तारखा’ पूर्ण होण्याची वाट पाहत आहे.

हॉस्पिटलांसाठी लिहिलेलं ते सॉफ्टवेअर अनेक उपप्रकल्प जोडून तयार होई; ही जोडणी म्हणजेच बिल्ड. कुणाच्या आधी कोण, हे प्रत्येकाच्या फाइलीत लिहिलेलं असे. ‘तारखा’ हा उपप्रकल्प ऑफिसातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रॅमरने, काकांनी लिहिलेला. तो आता संथ झाला होता. तारखांसाठी नवी सोय आल्यावर बाकीचे उपप्रकल्प एकेक करून तिकडे गेले. काकांच्या ‘तारखां’साठी थांबणारा औषधसाठा तेवढा उरला होता.

साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही ते बंद करायचं. त्याचा माणूसही."

टीमलीड खुर्ची ओढून काकांशेजारी बसली.

"साहेब विचारताहेत, औषधसाठा का थांबतो म्हणून."

"सांग, म्हाताऱ्याला सोबत लागते."

ती हसली नाही.

"काका, काकूंचं डायलिसिस..."

"ते कंपनीच्या विम्यावर, विमा माझ्या नोकरीवर. तिथेही क्रम आहेच की."

त्यांनी औषधसाठ्याची फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आधी ‘तारखा’, मग हे.

"ह्याला माझ्याकडून काहीच लागत नाही. मागेच तपासून बघितलं होतं मी."

तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"ओळ कुणी घातली तेही दिसतं इथे," काका आवाज उतरवून म्हणाले.

"कधी बोलला नाहीत."

"बोललो असतो तर काढावी लागली असती."

पलीकडे कुणीतरी प्रिंटरवर चापट मारत होतं. काकांनी कीबोर्ड जवळ घेतला.

"साहेब खोदायला बसले तर तुझं नाव निघेल. आपणच काढून टाकली तर कोण कशाला बघतंय?"

"राहू द्या ना. मी सांगते काहीतरी."

"तू? तुला थापा मारता येत नाहीत. आयुष्यात एकच मारलीस, तीही फाइलीत."

त्यांनी ओळ पुसली, बदल स्वतःच्या नावावर टाकला आणि बिल्ड सुरू केलं. आता यादीत ‘तारखा’ नव्हताच. रुग्णनोंदणी हिरवी झाली. मग बिलं, मग प्रयोगशाळा. टीमलीड पडद्याकडे बघत राहिली. एरवी बिघाडाचं लाल दिसलं की तिच्या कपाळाला आठ्या पडत. आज ती लालाचीच वाट पाहत होती. तपासून बघितलंय म्हणणारे काकाही चष्मा पुसायचे थांबले होते.

फोन वाजला. काकू होत्या.

"निघतोच," काका म्हणाले. "एवढं बिल्ड होऊ दे."

पाच वाजता साहेबांच्या केबिनचं दार उघडलं. तोवर बाकी सगळं हिरवं झालं होतं. औषधसाठ्यासमोरचं वर्तुळ, ना हिरवं ना लाल, अजून फिरत होतं.